पाणी कुठे मुरते

मराठीत 'मुरणे' या क्रियापदाचे वागणे मोठे विलक्षण आहे. लोणचे मुरते तेव्हा त्याची चव वाढते, माणूस एखाद्या कामात मुरतो तेव्हा त्याचा अधिकार वाढतो. पण पाणी मुरू लागले की घरातल्यांच्या कपाळाला आठी पडते. भिंतीवर ओल दिसली की कुठेतरी पाणी मुरते आहे असे म्हणायचे आणि गवंड्याला बोलवायचे. व्यवहारात संशय आला तरी हाच वाक्प्रचार. वास्तविक जमिनीत मुरणे हा पाण्याचा स्वधर्म, आणि विहिरीचे सारे पुण्य त्या धर्मावर उभे. भिंतीत मुरले तर घात, भुईत मुरले तर संचित. एवढाच काय तो स्थळाचा फरक. चेन्नईच्या दक्षिण किनाऱ्यावर २०२० च्या आगेमागे जो वाद पेटला, त्याचे मूळ या स्थळभेदातच होते. पावसाचे पाणी सिमेंटच्या नाल्यांतून वाहून न्यावे की वाळूत मुरू द्यावे, असा त्या वादाचा साधा मथळा करता येईल. मथळा साधा असला तरी त्याच्या पोटात शेजारधर्मापासून न्यायापर्यंत बरेच काही दडलेले आहे.

तिरुवान्मियूर ओलांडून पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की कोट्टिवाक्कम, पालवाक्कम, नीलांकरै, इंजंबाक्कम, उत्तंडी अशी गावे एकामागून एक लागतात. गावे म्हणायचे ते जुन्या सवयीने. २०११ साली चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरांवरून ४२६ पर्यंत विस्तारली, तेव्हा ती शहरात आली. पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला बकिंगहॅम कालवा आणि या दोहोंमध्ये वाळूची लांबच लांब, चिंचोळी पट्टी. कालवा माणसाने खणलेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तो तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकला. १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात भुकेल्या माणसांना काम द्यावे म्हणून अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारा त्याचा तुकडा काढण्यात आला आणि तत्कालीन गव्हर्नर बकिंगहॅम यांचे नाव कालव्याला चिकटले. एके काळी त्यातून मिठाच्या आणि जळाऊ लाकडाच्या होड्या चालत. आता काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी आणि पलीकडच्या पळ्ळिकरणै दलदलीतून उतरणारे पुराचे पाणी घेऊन तो कोवळमच्या खाडीकडे सरकतो. म्हणजे या पट्टीच्या एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला घाण पाणी. मधल्या वाळूच्या पोटात मात्र गोडे पाणी.

कोकणच्या पुळणीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. माडासुरूंच्या आडोशाला, लाटेपासून हाकेच्या अंतरावर खणलेल्या विहिरीचे पाणी गोडे निघते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्याचे कारणही फार गूढ नाही. गोडे पाणी खाऱ्याहून किंचित हलके असते. वाळूतून खाली उतरलेला पाऊस जमिनीखाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर भिंगासारखा तरंगत राहतो. हॉलंडमधील लष्करी अभियंता बाडोन घायबेन याने १८८८ च्या सुमारास आणि जर्मनीतील हेर्त्सबर्ग याने १९०१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या भिंगाचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असते. गणित आशादायक वाटते, पण ते उलटेही चालते. विहिरीतले पाणी कायमचे हातभर उतरले, तर खालचा खार चाळीस हात वर चढू पाहतो. एकदा मचूळ झालेली विहीर मग चारदोन पावसांनी गोडी होत नाही. या किनाऱ्यावरची घरे, बागा, देवळे आणि कोळ्यांच्या वस्त्या अशा एका अदृश्य, पातळ भिंगावर वसलेल्या आहेत.

त्या वस्तीत महापालिकेची योजना आली. कोवळम खोऱ्यातील पावसाच्या पाण्याचा निचरा करण्यासाठी नाल्यांचे मोठे जाळे आखण्यात आले होते आणि त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे साहाय्य होते. योजनेचे तीन भाग. त्यांतला तिसरा कालवा आणि समुद्र यांमधल्या वाळूच्या पट्टीसाठी, सुमारे ५२ किलोमीटर लांबीचा, अंदाजे २७० कोटी रुपयांचा. रस्त्याच्या कडेने काँक्रीटची चौकोनी गटारे खणायची, त्यांत रस्त्यांवरचे आणि अंगणांतले पाणी घ्यायचे आणि ते पट्टीबाहेर काढून द्यायचे. भिंगाचे गणित मांडणाऱ्यांपैकी एक जर्मन आणि भिंगाला वळसा घालणाऱ्या नाल्यांचा पैसाही जर्मन, या योगायोगावर कुणाला हसावेसे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

अभियंत्यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. चेन्नईला वर्षाकाठी सरासरी १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो. तोही रोज थोडा थोडा येत नाही. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोनचार दिवसांत कोसळतो. १ डिसेंबर २०१५ चा पाऊस शहराच्या स्मृतीतून पुसला जाणे शक्य नाही. चेंबरंबाक्कम तलावाचे दरवाजे उघडले गेले, अड्यार नदी दोन्ही काठांवरच्या घरांत शिरली आणि पहिल्या मजल्यावरच्या माणसांना होड्यांनी काढावे लागले. असा प्रसंग उलटून गेला की लोक अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारतात : तुम्ही काय बांधले? त्या प्रश्नाला नाला हे उत्तर देता येते. नाल्याला लांबी असते, रुंदी असते, मोजमाप-पुस्तिकेत त्याची नोंद होते, छायाचित्र निघते. वाळूत किती पाणी मुरले याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कारकुनाला ठाऊक नसते. आपल्याकडच्या सार्वजनिक कामांचा बराचसा स्वभाव या एका गोष्टीत सापडतो.

रहिवासी संघांचे म्हणणे असे की, इथे पाऊस थांबला की काही तासांत रस्ते कोरडे होतात. जिथे तुंबते तिथे वाळूवर फरशी घातलेली असते, किंवा रस्ता दर डांबरीकरणागणिक वर चढून अंगणे खाली गेलेली असतात. अशा ठिकाणी विहिरीसारखे गोल खड्डे घ्यावेत, त्यांत विटांचे वा सिमेंटचे कडे बसवावे, वर जाळी टाकावी. पाणी आपले आपण खाली जाईल. उलट नाला खणला तर तो दोन प्रकारे घात करील. पावसाळ्यात भूजलाची पातळी नाल्याच्या तळाच्या वर आली की नाला पावसाबरोबर भूजलही ओढून नेईल. आणि कोरड्या महिन्यांत, जिथे मैल्याच्या नळांची सोय पुरी झालेली नाही तिथे, रात्रीच्या अंधारात कुणाच्या तरी शौचकूपाच्या टाकीची नळी त्यात सोडली जाईल. पावसाचा नाला आणि सांडपाण्याचे गटार यांत कागदावर भिंत असते. प्रत्यक्षात ती कुठे टिकते, हे भारतातल्या कुठल्याही शहरातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हा वाद राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठापुढे गेला, तेव्हा त्याच्या गाभ्याशी हीच दोन भये होती : गोड्या पाण्याचे जाणे आणि घाण पाण्याचे येणे.

या भयाला अनुभवाचा आधार होता. शेखर राघवन या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाने १९९० च्या दशकात चेन्नईच्या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत दारोदार हिंडून छपरावरचे पाणी विहिरीत सोडण्याचा प्रचार केला. प्रारंभी त्यांचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही. पुढे सलग दुष्काळ पडले आणि २००३ साली तमिळनाडू सरकारने प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल-संचय सक्तीचा केला. म्हणजे ज्या राज्याने घराघराला पाऊस जमिनीत घालण्याची आज्ञा केली, त्याच राज्यातल्या पालिकेने सतरा वर्षांनी वाळूच्या पट्टीतला पाऊस बाहेर काढण्यासाठी खोदकाम आरंभावे, अशी ही विसंगती. मध्ये २०१९ चा उन्हाळा येऊन गेला होता. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळपास आटले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून पाण्याच्या वाघिणी रेल्वेने शहरात आणाव्या लागल्या. याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला नेम्मेली येथे २०१३ पासून समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना चालतो; त्याची क्षमता दिवसाला दहा कोटी लिटरांची. २०२४ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा, पंधरा कोटी लिटरांचा उभा राहिला. आकाशातून फुकट आलेले गोडे पाणी समुद्राला अर्पण करायचे आणि तेच विजेचे बिल भरून समुद्राकडून परत मागून घ्यायचे, हा व्यवहार घरातल्या आजीला समजावून सांगता येईल असा नाही.

कोळ्यांच्या वस्तीला इथे कुप्पम म्हणतात. त्यांच्या दृष्टीने पुळण ही नुसती फिरायची जागा नव्हे. लाकडाचे ओंडके बांधून केलेली कट्टुमरम, आता अधिक करून फायबरच्या होड्या, तिथेच ओढून ठेवायच्या; जाळी तिथेच पसरायची, फाटलेली तिथेच विणायची, मासळीचा लिलावही तिथेच. या पुळणीवर नाल्याचे तोंड उघडायचे म्हणजे कुणाच्या तरी अंगणातून मोरी काढण्यासारखे आहे. शिवाय समुद्राचा स्वभाव कोळी जाणतो. या किनाऱ्यावर वाळू स्थिर नसते; वर्षाचा हिशेब मांडला तर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. अड्यार आणि कूवम या नद्यांची मुखेसुद्धा या वाळूने बुजतात आणि ती पुन्हा पुन्हा उपसावी लागतात. नदीचे तोंड जिथे बंद होते, तिथे दोन हात रुंदीच्या नाल्याचा काय पाड? तोंड बुजले की आतले पाणी पुळणीवर डबके करून साचणार. आणि पाऊस ऐन भरात असताना समुद्र खवळलेला, पाण्याची पातळी चढलेली असते, त्या वेळी नाला समुद्राला पाणी देणार की समुद्राकडून घेणार, हा प्रश्न उरतोच.

या पुळणीला आणखी एक भाडेकरू आहे. जानेवारीपासून पुढचे तीनचार महिने ऑलिव्ह रिडले जातीची कासवे इथे अंडी घालायला येतात. १९८८ पासून 'स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्वेशन नेटवर्क' या संस्थेचे तरुण नीलांकरैपासून बेसंट नगरपर्यंत रात्री पायी चालत ती घरटी शोधतात आणि अंडी सुरक्षित जागी हलवतात. घरट्यातून निघालेली पिल्ले ओल्या वाळूवरून पाण्याच्या उजेडाकडे धावतात. त्यांच्या वाटेत नाल्याचा ओघळ आला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञांची समिती लागत नाही.

इथवर ऐकले की न्यायाचा काटा मुरवण्याच्या बाजूला झुकलेला वाटतो. पण सार्वजनिक वादात एक बाजू पूर्ण धुतल्या तांदळासारखी असणे दुर्मीळच. पूर्व किनारा मार्गालगत गेल्या तीन दशकांत जे बंगले उठले, त्यांतल्या कित्येकांनी समुद्र दिसावा म्हणून वाळूचे उंचवटे सपाट केले, आणि अंगणात घसरू नये म्हणून फरशी घातली. नळाचे पाणी पुरेना तेव्हा कूपनलिका खोल नेल्या. या पट्टीतले गोडे पाणी टँकरमध्ये भरून शहरभर विकले गेले. भूजलाच्या उपशावर बंधन घालणारा कायदा चेन्नई परिसरासाठी १९८७ सालीच झाला. तो कितपत पाळला गेला याची साक्ष मचूळ झालेल्या विहिरीच देतात. वाळूत पाणी मुरू द्या, असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या अंगणात किती वाळू उघडी ठेवली आहे, हा प्रश्न अभियंत्याने विचारला तर तो अस्थानी ठरत नाही.

त्याहून अवघड प्रश्न कालव्याच्या बाजूच्या गल्ल्यांचा. पट्टी मध्ये थोडी उंच, दोन्ही अंगांना उतरती. उंचवट्यावर राहणाऱ्याला पाणी मुरण्याची वाट पाहणे परवडते. सखल गल्लीतल्या एका खोलीच्या घरात पाणी शिरले की तांदळाचा डबा, मुलाची वह्यापुस्तके आणि दोन दिवसांची मजुरी एकदमच जाते. सभेत कुणी वडीलधारा गृहस्थ भूजलाचे महत्त्व विशद करू लागला की मागच्या रांगेतली बाई उठून विचारते, "तुमचं म्हणणं खरं आहे सार, पण माझ्या घरात पाणी गुडघ्याएवढं येतं, ते मुरेपर्यंत मी उभी कुठं राहू?" या प्रश्नाला नकाशावर उत्तर नसते. आणि कुप्पममधला म्हातारा हात वर करून म्हणतो, "अक्का, तुझ्या घरातलं पाणी माझ्या होडीखाली नको." दोघेही खरे बोलतात. उताराचा नियमच असा आहे की एकाच्या दारातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या दाराशी पोचल्याशिवाय थांबत नाही, आणि आपल्या समाजात तो दुसरा बहुधा गरीबच निघतो.

डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' चक्रीवादळ आले, तेव्हा शहरात अनेक ठिकाणी नवे नाले झालेले होते. तरीही कालव्यापलीकडचा पळ्ळिकरणै आणि वेळच्चेरीचा परिसर दिवसचे दिवस पाण्यात राहिला. दलदलीची जागा इमारतींनी आणि कचऱ्याने खाल्ली होती, कालवा तुडुंब होता, समुद्र पाणी घ्यायला तयार नव्हता. नाले बांधले ते चुकले, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. चिकणमातीच्या, सखल भागात नाल्याला पर्याय नाही. पण पाणी घेणारा कुणीच उरला नसेल, तर नुसते नेणाऱ्यांची संख्या वाढवून भागत नाही, एवढे तरी त्या चार दिवसांनी दाखवून दिले.

मुंबईकराला या साऱ्यात आपलेच प्रतिबिंब दिसेल, पण उलटे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या शहराची बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत; म्हणून तिथे दरवाजे बसवावे लागले, इर्ला, हाजी अली, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रे उभारून समुद्राच्या इच्छेविरुद्ध त्याच्या घशात पाणी ओतावे लागते. भराव घालून, खाचरे आणि खाजण बुजवून वसवलेल्या शहराला पाणी मुरवायला जागाच फारशी राहिली नाही. चेन्नईच्या या पट्टीला निसर्गाने ती जागा दिलेली आहे. एका किनाऱ्याचा उपाय दुसऱ्यावर डकवला की औषध तेच आणि रोग वेगळा, अशी गत होते. तिरुवान्मियूरच्या जुन्या देवळातल्या शंकराचे नाव मरुंदीश्वर, म्हणजे औषधांचा ईश्वर. त्याच्या देवळापुढेही पुष्करिणी आहे. जुन्या तमिळ गावांत देवळाचे तळे हे स्नानाचे आणि उत्सवाचे स्थान होतेच. शिवाय त्याच्या तळातून झिरपणारे पाणी भोवतालच्या विहिरी जिवंत ठेवी. ते तळे एकट्याच्या मालकीचे नव्हते, म्हणून त्यातला गाळ काढणेही एकट्याचे काम नव्हते.

वादाचा खरा पेच इथेच आहे. नाला हे एक प्रकारे विसरण्याचे साधन आहे. कर भरला, झाकण बसले, पाणी दृष्टीआड गेले की नागरिक मोकळा होतो. पुढे ते कोळ्याच्या होडीखाली जाते की कासवाच्या वाटेत, याची चौकशी त्याला करावी लागत नाही. मुरवण्याचा मार्ग अशी सुटका देत नाही. तो स्वस्त आहे, पण बिनकष्टाचा नाही. खड्ड्यात पाने साचतात, प्लास्टिक साचते, वाळूवर गाळाची साय धरते आणि दोन पावसाळ्यांत पाणी उतरेनासे होते. तो दरवर्षी उपसावा लागतो. अंगणातली फरशी उखडावी लागते, कूपनलिकेवर लगाम घालावा लागतो. आणि जी गल्ली खरोखरच सखल आहे, तिच्यासाठी वरच्या बाजूच्या प्रत्येक घराने आपला पाऊस आपल्या कुंपणात ठेवावा लागतो, म्हणजे खालच्या घराला उरलेल्या पाण्यापुरता एखादा छोटा नाला पुरतो. आपल्या छपरावर पडलेल्या पावसाची जबाबदारी आपली, हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. ते पाळणारा शेजारी मिळणे मात्र काँक्रीटपेक्षा महाग पडते.

लवाद काय सांगतो, बँक काय ठरवते, नकाशात कुठली रेघ पुसली जाते आणि कुठली उमटते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते हे खरे. पण जिथे नाला होत नाही तिथे वाळू आपोआप जिंकते असे मानण्याचे कारण नाही. आडव्यातिडव्या गल्ल्यांच्या टोकाला लोकांनीच हट्टाने घेतलेले ते गोल खड्डे असतात. वर लोखंडी जाळी, जाळीवर सुरूच्या वाळक्या काड्या. सप्टेंबर सरत आला, उपसागरावर ढग गोळा होऊ लागले, की ती जाळी उचलून आत उतरायचे असते आणि वर्षाचा गाळ घमेल्याघमेल्याने बाहेर काढायचा असतो. मोर्चाला आलेल्यांपैकी त्या दिवशी कितीजण येतात, यावर त्या गल्लीतल्या विहिरींचे पुढच्या मे महिन्यातले पाणी ठरते.